कुणीच न लिहिलेल्या चौदा ओळी

१

मंगळवारच्या पेपरात तिसऱ्या पानावर डावीकडे खाली चौदा ओळींची एक बातमी आली. ती कुणी लिहिली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या जागी खरं तर एका नटीच्या झोपेच्या वेळापत्रकावरचा मजकूर असायला हवा होता. समूहाच्या बाकीच्या एकवीस पेपरांत त्या दिवशी तोच होता. चार वर्षांपूर्वी समूहाने हा पेपर विकत घेतला. तेव्हापासून सगळी पानं मुख्यालयातून तयार होऊन यायची. गावागावात बदलायचं ते फक्त पेपराचं नाव आणि हवामानाचा चौकोन. लोक म्हणायचे, आपला वाचा नाहीतर शेजारच्या गावचा वाचा, एकाच पिठाचे गोळे. आणि तरी सवयीने रोज घ्यायचे.

त्या चौदा ओळी अशा होत्या :

“कालव्याकाठच्या प्राथमिक शाळेच्या पूर्वेकडच्या भिंतिला वरून खाली भेग गेली आहे. शुक्रवारी सकाळी या भेगेत एक चिमणी ये-जा करत होती. सोमवारी सकाळी तिथेच पारव्यांची जोडी शेजारी शेजारी बसली होती. या भिंतिच्या आत एक वर्ग भरतो. खिडकीतून मुलांची डोकी दिसतात. मुलांना आजच या भिंतिपासून दूर बसवावे.”

मुख्याध्यापिकेने ती बातमी शाळा भरायच्या आधी वाचली आणि वर्ग पलीकडच्या व्हरांड्यात नेऊन बसवला. बुधवारी सकाळी अकरा वाजता भिंत आत कोसळली. बाकांचे तुकडे झाले, फळा दुमडला. सेहेचाळीस मुलं व्हरांड्यात पाढे म्हणत होती. एकाला खरचटलंसुद्धा नाही.

गुरुवारी मुख्यालयाने दोन गोष्टी केल्या. पहिली, बाविसाच्या बावीस पेपरांत पहिल्या पानावर छापलं की आमच्या जागरूकतेमुळे मुलं वाचली. दुसरी, स्थानिक व्यवस्थापकाला पत्र धाडलं : परवानगीशिवाय हा मजकूर कुणी घातला त्याचं नाव शनिवारपर्यंत कळवा. नाव मिळालं नाही तर ज्याच्या पासवर्डाने ते पान उघडलं त्याला कामावरून कमी करा.

पासवर्ड पानवाल्याचा होता. एकवीस वर्षं त्या कचेरीत पानं लावणाऱ्या, आणि आयुष्यात स्वतःची एक ओळही न लिहिलेल्या माणसाचा.

२

वेलांटीबाईंकडे गुरुवारी एकामागून एक दोघं जण आले आणि दोघांनी एकच काम सांगितलं.

बाई त्या पेपरात एकतीस वर्षं मुद्रितं तपासायच्या. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून सुटली असं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून हे नाव पडलं होतं. ते त्यांना आवडायचं. समूह आला, मजकूर यंत्रच तपासायला लागलं, आणि बाई घरी बसल्या. आता त्या शालेय मार्गदर्शक पुस्तकं तपासून द्यायच्या आणि सकाळचा पेपर हातात लाल पेन न घेता वाचायला शिकत होत्या.

आधी आला व्यवस्थापक. मुख्यालयाने दीड वर्षापूर्वी पाठवलेला, पन्नाशीतला, कमी बोलणारा माणूस. खुर्चीच्या टोकाशी बसून त्याने पत्र दाखवलं. कचेरीतल्या सगळ्यांना तुम्ही ओळखता, तुम्हीच चौकशी करा, म्हणाला. तुमच्याबद्दल ऐकलंय की पुराव्याशिवाय तुम्ही स्वल्पविरामसुद्धा हलवत नाही.

बाईंनी विचारलं, गाव मानवलं का. तो पहिल्यांदा थोडा हसला. म्हणाला, एकट्या माणसाला काय, एक खोली पुरते. घड्याळाचा गजरही लावावा लागत नाही. सकाळी पोरं पाढे सुरू करतात, त्याने जाग येते. एकोणतीसचा पाढा शाळेत असताना काही पाठ झाला नाही, तो इथे येऊन झाला.

तो गेला आणि तासाभरात मुख्याध्यापिका आली. तिलाही तोच माणूस हवा होता, पण आभार मानायला.

“ज्याने लिहिलं त्याला एकदा समोर बघायचंय,” ती म्हणाली. “बाकी काही नको.”

मग तिने आणखी एक सांगितलं, अपराध्यासारखं. सोमवारी दुपारी शाळेत कुणाचा तरी फोन आला होता. पुरुषाचा आवाज. पाढे म्हणतात त्या वर्गातली मुलं हलवा, एवढंच म्हणाला. कारकुनाने नाव विचारलं तर फोन ठेवून दिला. कारकुनाला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय, म्हणून त्याने भिंत पडेपर्यंत कुणाजवळ तोंड उघडलं नाही.

ती गेल्यावर बाईंपुढे पेच पडला. इकडे आड, तिकडे विहीर. माणूस सापडला तर एक जण त्याचे पाय धरणार आणि दुसरा त्याच्या पोटावर पाय देणार. नाही सापडला तर पानवाल्याची नोकरी जाणार.

आणि एक गोष्ट त्यांनी दोघांनाही सांगितली नव्हती. त्या वर्गात, भिंतीकडच्या रांगेत, त्यांच्या भाचीची मुलगी बसायची.

३

शुक्रवारी सकाळी बाई चार वर्षांनी कचेरीत पाऊल ठेवत होत्या. पूर्वी इथे नऊ टेबलं होती आणि नऊही बडबडायची. आता चार उरली होती आणि तीही गप्प.

पानवाल्याची पाचावर धारण बसली होती. त्याने सोमवारचा दिवस मिनिटामिनिटाने सांगितला. पाच वाजता पानं आली. त्याने ती उघडली, हवामान बदललं. सव्वापाचला चहाला खाली उतरला. एरवी दहा मिनिटांत परत येतो, पण त्या दिवशी पंखा दुरुस्त करणारा येणार होता, त्याला जिना दाखवायला खालीच थांबायला साहेबांनी सांगितलं होतं. अर्धा तास थांबला. पंखेवाला काही आला नाही. वर येऊन सहा वाजता पानं पाठवून दिली. तेवढ्या वेळात यंत्र उघडंच होतं. त्याच्यापाशी कुणीही बसू शकलं असतं.

“पाठवायच्या आधी पान पाहिलंस?” बाईंनी विचारलं.

“पाहिलं की,” तो म्हणाला, आणि नको तेवढ्या घाईने चष्मा पुसायला लागला.

जाहिरातीचं काम पाहणारी मुलगी समूहाबरोबर आली होती, त्यामुळे बाई तिला ओळखत नव्हत्या. तिने न विचारता सांगितलं की बहिणीच्या बाळंतपणासाठी ती गुरुवारीच बाहेरगावी गेली होती आणि मंगळवारी परतली. मोबाइलमधलं बाळही दाखवलं. बाळाच्या दुपट्यावर दवाखान्याची चिठ्ठी होती, सोमवारची तारीख घातलेली. बाईंनी बाळाचं कौतुक केलं आणि तिचं नाव मनातल्या यादीतून खोडलं.

उरला बातमीदार.

एके काळी याच्या पायाला भिंगरी होती. गावात कुठे खुट्ट झालं की हा तिथे हजर. आता तो दिवसभर पडद्यासमोर बसून दुसऱ्यांच्या बातम्यांतले शब्द पुढेमागे करायचा. मुख्यालय त्याला नवलेखन म्हणायचं. बाईंना वाटलं होतं, या चौदा ओळी त्याच्याच असणार. गावात दुसरं होतं कोण असं लिहिणारं? म्हणून त्यांनी आडवळण न घेता सरळ विचारलं.

त्याने समोरचा पडदा बंद केला. मग म्हणाला, “बाई, मी लिहिलं असतं तर आज ताठ मानेनं हिंडलो असतो. रोज त्या शाळेवरून येतो मी. चार वर्षांत मान वर करून बघितलं नाही.”

त्याचे डोळे भरून आले होते. बाईंनी विषय तिथेच सोडला. खोटं बोलणारा माणूस स्वतःला इतकं लागेल असं खोटं निवडत नाही, हे त्या मुद्रितं वाचता वाचता शिकल्या होत्या.

मग घोडं कुठे पेंड खात होतं? जिने उतरताना त्यांच्या मनात आलं की चौघांपैकी तिघं संपले. आणि चौथा तो, ज्याने चौकशी सांगितली होती.

४

घरी येऊन बाईंनी मंगळवारचा अंक टेबलावर पसरला. भिंग काढलं आणि चार वर्षांनी लाल पेन.

पहिली खूण त्यांना वाचताक्षणीच खुपली होती. भिंतिला, भिंतिच्या, भिंतिपासून. तिन्ही ठिकाणी पहिली वेलांटी, आणि हवी होती दुसरी. एकदा चुकलं तर हात घसरला म्हणता येतं. तीनदा चुकलं तर ती सवय. बातमीदाराला हाच शब्द त्यांनी कधीकाळी शंभर वेळा लिहायला लावला होता, तो झोपेतही चुकला नसता. म्हणजे लिहिणारा बाईंच्या हाताखालून गेलेला नव्हता.

दुसरी खूण त्यांना त्याहून मोलाची वाटली. भेग केवढी, हे लिहिणाऱ्याने पाखरांवरून सांगितलं होतं. जवळ जाणारा माणूस बोट घालून बघतो, हात घालून बघतो. ज्याचा हात पोचत नाही तो चिमणी आणि पारवा मोजतो. आणि शुक्रवार नि सोमवार, दोन्ही दिवस, दोन्ही वेळा सकाळी. मुद्दाम गेलेला माणूस एकदा जाईल. हा रोज एकाच जागेवरून बघत होता.

तिसरी खूण होती मुलांच्या डोक्यांची. बाई उठल्या, चपला घातल्या आणि तशाच कालव्यावर गेल्या. शाळेच्या मागे कालवा, कालव्याकाठी झुडपं. वर्गाची खिडकी भिंतीबरोबर गेली होती, पण शेजारच्या वर्गाच्या तशाच खिडक्या शाबूत होत्या. खालून पाहिलं तर आतलं छत तेवढं दिसत होतं. डोकी दिसायची तर बघणारा खिडकीहून उंच जागी उभा पाहिजे.

बाईंनी पाठ फिरवली. कालव्याच्या पलीकडे एकच दुमजली घर होतं. वरच्या मजल्यावर एक खिडकी, खिडकीत वाळत घातलेला एकच सदरा.

खालच्या मजल्यावरची घरमालकीण ओट्यावर भाजी निवडत होती. वर कोण राहतं, असं बाईंनी सहज विचारलं. तिने सांगितलं तेव्हा बाईंना नवल वाटलं नाही. पत्र हातात घेऊन माणूस शोधायला सांगणारा व्यवस्थापकच तो माणूस होता.

पण एक गाठ अजून सुटत नव्हती. त्या बातमीची शेवटची ओळ किंचित दाबलेली होती. अक्षरं दाटीने उभी होती, उगाच. ती करामत गावात एकालाच येत होती.

५

शनिवारी सकाळी बाई आधी पानवाल्याच्या घरी गेल्या. त्याच्यापुढे अंक ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट.

तो कोसळल्यासारखा बसला. त्याने सांगितलं ते असं. सहाला तो पान पाठवणार तोच नटीच्या जागी भलतंच दिसलं. कुणी घातलं ते त्याला आजही माहीत नव्हतं. बातमी पंधरा ओळींची होती आणि जागा चौदाची, त्यामुळे शेवटची ओळ, मुलांना दूर बसवायची, चौकटीखाली कापली गेली होती. जुना मजकूर परत आणायला एक बटण पुरे होतं. त्याने ते दाबलं नाही. बातमी दोनदा वाचली, अक्षरं दाबून चौदात बसवली आणि पाठवून दिली.

“मला कळत होतं, उद्या आपल्यावर येणार,” तो म्हणाला. “पण ती शेवटची ओळ कापली असती तर बाई, बाकीच्या ओळी कशाला होत्या?”

“आणि वेलांट्या तीन ठिकाणी चुकल्यात, त्या नाही दिसल्या?”

“ते तुमचं काम. मी फक्त पानं लावतो.”

बाईंनी त्याचा हात हातात घेतला. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच.

तिथून त्या कचेरीत गेल्या. व्यवस्थापकाच्या टेबलासमोर बसल्या आणि एकेक खूण मांडत गेल्या : वेलांट्या, पाखरं, डोकी, खिडकी, न आलेला पंखेवाला. मग शाळेला आलेला तो फोन. शाळेत वर्ग पाच. वर्ग ओळखायचा तर कुणी तिसरी म्हणतं, कुणी कोपऱ्यातला म्हणतं. पाढ्यांवरून ओळखतो तो, ज्याला रोज पाढ्यांनीच जाग येते.

त्याने नाकारलं नाही. उलट खांदे खाली आले, ओझं उतरवल्यासारखे. शनिवारी त्याने इमारत खात्याला फोन केला होता. त्यांनी कामाच्या दिवशी लेखी अर्ज द्यायला सांगितलं. सोमवारी पारवे दिसल्यावर त्याने रीतसर बातमी करून मुख्यालयाला पाठवली. उत्तर आलं : स्थानिक विषय, वाचक कमी, वगळावे. मग शाळेला फोन केला.

“नाव का नाही सांगितलंत?” बाईंनी विचारलं. “सांगितलं असतं तर कारकुनाने ऐकलं असतं.”

“तेच डोक्यातून जात नाही,” तो म्हणाला. “अकरा वर्षं बिननावाचं काम केलं. तीन गावच्या कचेऱ्या बंद केल्या, त्या पत्रांवरही नुसता शिक्का. फोनवर नाव विचारलं आणि मला ते सुचेचना. त्या आधी मी बातमीदार होतो, बाई. बरा होतो.”

चौकशी तुम्हाला सांगितली ती याचसाठी, तो म्हणाला. पुरावा नाही, माणूस सापडत नाही, असं तुमच्यासारख्या कडक बाईने लिहून दिलं की पानवाला सुटेल आणि मीही सुटेन, असा हिशेब होता. पण काल पत्र पुन्हा वाचलं. माणूस सापडला नाही तर पानवालाच जातो, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. माझा हिशेब पहिल्या दिवसापासून चुकलेला होता आणि ते मला कळत होतं.

बाई म्हणाल्या, तुमचं नाव मी कुणाला सांगणार नाही. ते सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी इथे दुसऱ्याच कामाला आलेय. मग त्यांनी भाचीच्या मुलीबद्दल सांगितलं. कुठल्या रांगेत बसते, पुढचे दोन दात पडलेत, सात आणि नऊ उलटे लिहिते. बुधवारी संध्याकाळी ती घरी येऊन सांगत होती की भिंत पडली, मज्जा आली. एवढं सांगून बाईंनी हात जोडले.

त्याने मान खाली घातली. मग कागद ओढला आणि मुख्यालयाला चार वाक्यांचं पत्र लिहिलं. वर तारीख, खाली स्वतःचं पूर्ण नाव. पानवाल्याचा पासवर्ड आपण त्याच्या नकळत वापरला, हे त्यात ठळक लिहिलं. दाबलेल्या ओळीचा उल्लेख केला नाही, कारण ती बाईंनी त्याला सांगितलीच नव्हती.

“तपासून देता?” त्याने कागद पुढे केला.

बाईंनी लाल पेनाने एक वेलांटी बदलली आणि कागद परत दिला.

६

मुख्यालयाचं उत्तर तीन दिवसांत आलं. व्यवस्थापकाच्या सेवेबद्दल आभार मानले होते आणि महिनाअखेर त्याला मोकळं केलं होतं. पानवाल्याचं नाव कुठेच नव्हतं. बातमीदाराने त्याच आठवड्यात कालव्यावरच्या पुलाचे कठडे स्वतः हलवून पाहिले आणि दहा ओळी लिहिल्या. व्यवस्थापकाने जायच्या आधी त्या मुख्यालयाला पाठवल्या आणि मंजूर होईपर्यंत रोज फोन करत राहिला. दहाच्या दोनच छापून आल्या. पण त्या दोन बाकीच्या एकवीस पेपरांत नव्हत्या, आणि पुलावर दोरी बांधली गेली.

व्यवस्थापकाने परवानगी दिल्यावरच बाईंनी मुख्याध्यापिकेला त्याचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि तो शाळेत गेले. वर्ग तात्पुरता वाचनालयाच्या लांबट खोलीत भरत होता, सतरंजीवर. मुख्याध्यापिकेने त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती. भाषण नव्हतं, हारही नव्हता. ती म्हणाली, “आम्हाला आभार मानायची दुसरी रीत माहीत नाही. तुम्ही फक्त ऐका.”

आणि तिने हजेरीचं पुस्तक उघडलं.

एक. हजर. दोन. हजर. तीन, चार, पाच. काही आवाज खणखणीत, काही सर्दीचे, एक इतका बारीक की तिने पुन्हा विचारलं. एक मुलगा दोनदा हजर म्हणाला म्हणून सगळे हसले. अठराव्याला दात नसलेल्या तोंडातून शब्द आला, ‘हदर’, आणि बाईंनी पदर डोळ्यांना लावला. व्यवस्थापक आधी मुलांकडे बघत होता. मग त्याने डोळे मिटून घेतले आणि नुसता ऐकत राहिला.

एकेचाळीसवर कुणी बोललं नाही. मुख्याध्यापिकेने पुन्हा विचारलं. खोली शांत. त्याने झटकन डोळे उघडले, चेहरा पांढरा पडला होता.

“तो मामाकडे गेलाय,” मागून कुणीतरी सांगितलं. “उद्या येणारे.”

त्याने श्वास सोडला, आणि मग सगळ्या वर्गासमोर, न लाजता, रडायला लागला. पुढच्या रांगेतल्या मुलीने मागे वळून बाईंकडे पाहिलं, या माणसाला काय झालं म्हणून. बाईंनी तिला खुणेने सांगितलं, काही नाही, पुढे बघ.

मुख्याध्यापिकेने त्या एकेचाळीससमोर गैरहजर लिहिलं आणि पुढचा आकडा घेतला.

“बेचाळीस?”

“हजर.”